रडवीचे एकतीस गुन्हे

११ नोव्हेंबर, सकाळी ११
खुब्याचं ऑपरेशन काल झालं. डॉक्टर म्हणतात, छान झालं. माझ्या मते घात झाला. डोळे उघडले तर समोर वॉर्डची इन-चार्ज सिस्टर, आणि ती निघाली रडवी. माझी विद्यार्थिनी. एकोणीस वर्षांपूर्वी नर्सिंग कॉलेजात मी हिला एकच बेड अकरा वेळा करायला लावला होता, सगळ्या वर्गासमोर. चादरीचा कोपरा काही केल्या जमेना. शेवटी चादरींच्या खोलीत जाऊन रडत बसली. तेव्हापासून मी तिला रडवीच म्हणायचे. तिच्या भल्यासाठीच.

भुवईवरचा तो तीळ मी कशी विसरेन? आणि ती मला कशी विसरेल? आज मी आडवी, ती उभी. वचपा काढणार, यात शंका नाही. काढू दे. मीही सव्वीस बॅचेस घडवलेली बाई आहे.

दुपारी ४
सुरुवात झाली. इंजेक्शन घेऊन आली आणि विचारते, आजी, पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा. मला! ओळख न दाखवण्याचं नाटक. शिवाय आजी. तळपायाची आग मस्तकात गेली. पण नाव सांगितलं. कंबर दुखत होती, इंजेक्शन हवं होतं.

१२ नोव्हेंबर
रात्रीच्या सिस्टरनेही नाव विचारलं. सकाळच्या सिस्टरनेही. रडवीने सगळ्यांना फितवलंय.

मनगटावर पिवळा पट्टा बांधला. म्हणजे, ही पेशंट पडू शकते, लक्ष ठेवा. मी हे पट्टे शिकवलेत. आता मलाच पट्टा.

माझी बीपीच्या गोळ्यांची डबी पर्समधून काढून घेतली. म्हणे, आम्ही वेळेवर देऊ, घरच्या गोळ्या जवळ ठेवायच्या नाहीत. सरळसरळ चोरी. (पावती दिली. तरीही चोरी.)

वॉर्डातल्या मावशींकडून कळलं की रडवीचं प्रमोशन आहे, असिस्टंट सुपरिटेंडेंटच्या जागेवर. निर्णय याच आठवड्यात. देव आहे.

संकल्प: रोज तिच्या चुका टिपायच्या. शेवटी सुपरिटेंडेंटच्या हातात लेखी तक्रार. तीही अशीतशी नाही. नर्सची भूमिका आणि जबाबदाऱ्या हा धडा मी सव्वीस वर्षं शिकवला, त्याच क्रमाने, मुद्द्यांसह. प्रमोशन तर जाईलच, वर नाक घासत माझ्या बेडपाशी येईल. मी लगेच माफ करणार नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळी १०
ऑपरेशनला तीन दिवस होत नाहीत तोच वॉकर घेऊन चालायला लावलं. मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, आजच, पंधरा पावलं. मोजून पंधरा. सोळावं मी मुद्दाम टाकलं. म्हणाली, वा. हा टोमणा होता. मुद्दा क्र. ९.

दुपारी २
सापळा लावला. जन्मतारीख चुकीची सांगितली. घाईत मान डोलावेल, सुई टोचेल, आणि सापडेल रंगेहाथ. ती थांबली. मनगटावरचा नावाचा पट्टा वाचला. फाइल आणली. सुनेला फोन करून विचारलं. मग इंजेक्शन. औषधाला नऊ मिनिटं उशीर. मुद्दा क्र. १४.

१४ नोव्हेंबर
संध्याकाळी सून आली. तिला वही वाचून दाखवली. ती म्हणाली, अहो आई, बेडजवळ येताना दर वेळी हात धुते, ही तक्रार आहे? मी म्हटलं, धुण्याची पद्धत बघ, माझ्याकडे बघत धुते. सून म्हणाली, तुम्हाला बरं वाटतंय एकूण, आणि हसली. सून पहिल्यापासून शत्रुपक्षात आहे.

पापड मागितला. रडवीने दिला नाही. मीठ कमी करायचंय म्हणे. सुनेने तिचीच बाजू घेतली. क्र. १९.

१५ नोव्हेंबर, दुपारी ३
बेल न वाजवता बाथरूमला निघाले. पिवळ्या पट्ट्याला उत्तर द्यायचं होतं. दाराशी पाय सरकला. ही कुठून आली कोण जाणे, दोन्ही हातांनी कमरेला धरलं आणि सावकाश खुर्चीत बसवलं. नर्सने पेशंटला दोन्ही हातांनी आवळणे, क्र. २४. नंतर अर्धा तास जवळ बसून राहिली. पाळत, क्र. २५.

बसल्या बसल्या म्हणाली, घाबरलात ना, आजी. मी नाही म्हटलं. तिने हात धरला. मी तो काढून घेणार होते. राहून गेलं.

१६ नोव्हेंबर, सकाळी ९
तक्रार पूर्ण. सुवाच्य अक्षर, डावीकडे मार्जिन, एकतीस मुद्दे. सुपरिटेंडेंट राउंडला आली तेव्हा स्वतःच्या हाताने दिली. पोरसवदा बाई आहे, पण वाचता येत असेल. रडवी शेजारीच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. आता मजा.

दुपारी १
अजून काही नाही. चौकशी समिती बसली असणार.

दुपारी ४
सुपरिटेंडेंट परत आली. चेहरा फुललेला. म्हणाली, आजी, तुम्ही तर आमचं सगळं काम मुद्देसूद लिहिलंत. ओळख पटवणं, हात धुणं, औषधं ताब्यात घेणं, लवकर चालवणं, पडण्यापासून वाचवणं. एकतीसच्या एकतीस जबाबदाऱ्या पार पाडल्याचा पेशंटनेच लिहून दिलेला पुरावा आजवर कुणाला मिळाला नाही. प्रमोशन आजच मंजूर केलं. तुमचा कागद नोटीस बोर्डवर लावू का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, ती तक्रार आहे. ती हसली. सगळे हसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ११. डिस्चार्ज.
रडवी आभार मानायला आली. आता लपवाछपवी पुरे. मी स्पष्ट विचारलं, ओळखलं नाहीस मला? अकरा वेळा बेड करायला लावला होता. चादरींच्या खोलीत रडली होतीस.

ती आठवू लागली. अगदी मनापासून, ते दिसत होतं. मग म्हणाली, तिथं तर आम्ही सगळ्याच रडायचो हो, आजी. नंबर लागायचे. सगळ्याच मॅडम ओरडायच्या, कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?

मी म्हटलं, मी तुझी मॅडम होते. नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. हुंदका आला, तो खोकल्यात लपवला. ती म्हणाली, हो का. गोंधळलेल्या पेशंटला कसं हो का म्हणायचं, ते मीच शिकवलेलं.

मग खाली वाकली, माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, आजी, आज वार कोणता, सांगा बरं.

सोमवार, मी म्हटलं.

शाब्बास, म्हणाली.