पिल्लाला लिफ्टने खाली नेण्याची परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. निवास अधिकारी,
सेवानिवृत्त कर्मचारी वसाहत कार्यालय.

विषय : दहा आठवड्यांच्या कुत्र्याच्या पिल्लास तीन महिने अर्जदारासोबत लिफ्टमधून नेऊ देण्याबाबत.
संदर्भ : पिल्लू सात दिवसांत वसाहतीबाहेर काढण्याची आपली नोटीस.

महोदय,

१. ठिपक्या नावाच्या पिल्लाने दुसऱ्या मजल्यावर लेखापाल साहेबांच्या दारासमोर अकरा वेळा लघवी केली, ही तक्रार अर्जदारास मान्य आहे. खरे तर ती तेरा वेळा झाली. अर्जदार एकतीस वर्षे कारखान्यात टाइमकीपर होता, आकडा लपवणे त्याच्याच्याने होत नाही. नोंदवही सोबत जोडली आहे.

२. पिल्लू झोपून उठले, जेवले किंवा खेळून दमले की त्याला लगेच लागते, आणि मग ते जेमतेम दोन मिनिटे धरू शकते. हा खोडसाळपणा नसून या वयात त्याला आवरताच येत नाही, असे जनावरांच्या डॉक्टरीणबाई सांगतात. चौथ्या मजल्यावरून त्याला कडेवर घेऊन अंगणात पोचायला अर्जदाराच्या गुडघ्यांना चार मिनिटे लागतात. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबावेच लागते. पिल्लू खाली ठेवले की कारभार आटोपतो. लेखापाल साहेबांशी त्याचे काही वैर नाही. लिफ्टने पस्तीस सेकंद लागतात, परंतु तेथे 'प्राण्यांस मनाई' अशी पाटी आहे. गेल्या आठवड्यात त्याच लिफ्टमधून एक कपाट गेले.

३. पिल्लाचे नाक त्यात घासावे, असे लेखापाल साहेब सुचवतात. डॉक्टरीणबाईंच्या मते असे केल्यास ते लपून करू लागते आणि भीतीने आणखी करते. तसेच नुसत्या फिनेलने वास जात नाही, त्यामुळे त्याला पुन्हा तीच जागा सापडते. म्हणून अर्जदार आता व्हिनेगरच्या पाण्याने पुसतो.

४. पिल्लास पाणी कमी द्यावे, असे आपण नोटिशीत सुचवले आहे. येथे थोडे विषयांतर होईल, क्षमा असावी. अर्जदाराची पत्नी शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. तिलाही आवरायचे नाही. "अहो, रागावू नका, कळलंच नाही मला," असे ती दर वेळी म्हणायची. अर्जदार रागावत नसे. एकदाच, दिवसातली तिसरी चादर बदलताना, तोंडून गेले, "लहान आहेस का तू?" दुसऱ्या दिवसापासून चादर कोरडी राहू लागली. अर्जदाराला बरे वाटले, आणि ते त्याने तिला बोलूनही दाखवले. उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला संध्याकाळीही भरलेलाच असतो, हे जन्मभर नोंदी ठेवणाऱ्या या माणसाच्या लक्षात यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांची नोंद कुठेही नाही.

५. सबब, लिफ्टची परवानगी मिळावी. न मिळाल्यास अर्जदार जिना पुसत राहील आणि लेखापाल साहेबांची माफीही मागत राहील. पिल्लू काढायचेच ठरले, तर अर्जदाराची खोलीही त्याच दिवशी रिकामी समजावी.

पाणी कमी करण्याची सूचना मात्र मला पाळता येणार नाही. त्याची वाटी मी भरलेली ठेवतो, आणि ते पिते की नाही, ते शेजारी बसून पाहतो.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार
(सही)
खोली क्र. ४३, चौथा मजला
दि. १९, नोटिशीचा पाचवा दिवस

सोबत : १) नोंदवही. २) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. ३) सफाई कामगारासाठी व्हिनेगरची एक बाटली.