चाँदबीमावशीचा बसथांबा

१८ ऑगस्ट
शाळेच्या मागच्या फाटकाशी क्रांती आणि मी एकच मीठ लावलेला आवळा आळीपाळीनं चावायचो. आवळेवाली चाँदबीमावशी "पळा, सिस्टर आली!" म्हणत आमची तोंडं पदरानं पुसून द्यायची. आज ती बसथांब्यात दिसली. भाच्यांनी घर विकल्यापासून तिथंच झोपते. ऐंशीच्या पुढची बाई, आणि अंगावर पावसाची झड.

"बेबी न्हवं तू?" तिनंच मला ओळखलं. मी तिला नाही!

क्रांती आता आमची नगरसेविका. तिला पत्र लिहिते. मावशीला निवारागृहात जागा मिळायलाच हवी.

२५ ऑगस्ट
सिस्टर फिलोमिनांनी शिकवलेलं सगळं पत्रात घातलं — समास, नम्रता, 'आपली विश्वासू'. क्रांतीच्या पीएचा, ऋतुराजचा, फोन. "मॅडमनी वाचलं की! काय अक्षर हाय, काकू! स्टेटसला ठेवलंय."
आणि जागेचं?
"बघू की."

२ सप्टेंबर
दुसरं पत्र. नम्रता थोडी कमी केली.

९ सप्टेंबर
सत्कार! माझा! 'जागरूक नागरिक' म्हणून शाल, नारळ, फेटा. मावशीला पहिल्या रांगेत बसवलं — टाळ्या वाजवायला. क्रांती कानात म्हणाली, "लिहीत राहा गं. तुझं पत्र आलं की शाळा आठवते."
आणि मावशी?
"कोण मावशी?" मग फोटो.

माझ्या तोंडाचा फ्लेक्स नेमका बसथांब्याच्या उघड्या बाजूला बांधला. मावशी खूश. "बेबी, तुझ्या थोबाडानं झड अडली बघ!" समाजसेवा म्हणतात ती हीच असावी.

२० सप्टेंबर
तिसऱ्या पत्राला उत्तर आलं! 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन बसथांब्यावरील अतिक्रमण हटविण्यात आले आहे.'

अतिक्रमण म्हणजे मावशी.

धावत गेले. बाकावर मधे मधे लोखंडी दांडे ठोकलेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून. मावशी रस्त्यापलीकडं, बोचकं मांडीवर घेऊन बसलेली. फ्लेक्सला मात्र कुणी बोट लावलेलं नाही.

२१ सप्टेंबर
तिला घरी आणलंय. पाठ टेकायला तयार नाही. "तुझं घर हाय, बेबी. उद्या तुझा ल्योक पुण्यासनं आला, की मी पुन्यांदा भाईर. मला माझी जागा पायजे. तसं लिव."
लिहिलंच होतं, मावशी. सुवाच्य अक्षरात.

१ ऑक्टोबर
निवडणूक लागली. क्रांती मतं मागत दारात. मावशीला बघून ऋतुराजनं मतदार यादी चाळली. मावशीचं घर गेलं, पण यादीतलं नाव आहे! लगेच क्रांतीला सगळं आठवलं. "अगं बाई, आमच्या आवळेवाल्या मावशी!" थेट पायाच पडली. मावशीनं पाय आत ओढून घेतले.

६ ऑक्टोबर
अर्ज भरला. नगरसेविकेसाठी. मी! सूचक म्हणून मावशीचा अंगठा.

आता वाटणी. शाल मावशीला. नारळ ऋतुराजला. फ्लेक्स क्रांतीला परत — माझा फोटो कापून घेऊन, तो लागेल. निवडून आले, तर जागा मिळेपर्यंत रोज मला शिव्या घालायचं काम मावशीला. फेटा मला.