वरची ओळ

जठारपेठ, अकोला
२ एप्रिल १९६६

प्रिय जमुना,

जयभीम. वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पानंच्या पानं लिहायला बसले, तेव्हा पाकीट हातात धरून तू कपाळाला आठ्या घालशीलच. घाल. अक्षर माझंच आहे, प्रौढांच्या वर्गात शिकलेलं. तुझ्या श्रावणरावांना दाखवू नकोस; मास्तर लोकांचा हात लगेच लाल शाईकडे जातो.

इकडचं ठीक. कापसाच्या जिनातला हंगाम संपत आलाय. देवरावानं पेटीला नवा भाता बसवून आणलाय आणि तो गल्लीभर ऐकवत फिरतो. बुधाजीची ढोलकी मात्र खुंटीला टांगलेली. आपली गायन पार्टी बंदच म्हण. लोक विचारतात, "बाई, कावून गात नाही आता?" मी सांगते, घसा बसलाय. तो बसून पाच वर्षं झाली, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

तुझी ओळख झाली तेव्हा माझा गळा काय होता! आईबरोबर मी जत्रांमधून नाचाची गाणी गायले, लग्नात हळदीची, बारशाला पाळणे, उरसात कव्वाली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर जत्रेतला नाच सुटला, पण चाली सोडवेनात. ज्या चालीवर लोक नाचायचे तीच संथ करून तिच्यात बाबासाहेबांचं गाणं बसवलं, तर तीच माणसं डोळे पुसायला लागली. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

मग एकसष्टची बुद्धजयंती. दिवसभर जिनात रुईचा फुफाटा खाऊन मी तशीच मंचावर चढले. तिसऱ्या कडव्याची वरची, चढ्या सुरातली ओळ आली आणि आवाजच निघेना. मी हात वर केला, तोंड उघडं ठेवलं, आणि मागे साथीला झील धरून उभी असलेली तू ती ओळ उचललीस. हुबेहूब माझ्यासारखी. लोकांनी टाळ्या मला वाजवल्या. घरी येताना तू म्हणालीस, "बाई, भूक लागली मले." बस, एवढंच.

त्यानंतर चार वर्षं ते तसंच चाललं. वरची ओळ आली की मी हात वर करायची आणि तू गायचीस. त्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. मी माइक मुद्दाम थोडा मागे ठेवायला सांगायची. देवरावाला वाटायचं, बाईचा आवाजच मोठा आहे.

गेल्या वर्षी तू एकदाच मागितलंस, एक कडवं पुढे येऊन गाऊ का? आणि मी चारचौघांत म्हणाले, "झीलवालीनं मागंच राहावं." तुझा चेहरा पाहिला होता मी. पुढच्या महिन्यात तुझं लग्न झालं, तू अमरावतीला गेलीस, आणि मी सगळ्यांना सांगितलं, पोरीचं नशीब उघडलं. मला तुझी भीती वाटली होती, जमुना. तू पुढे आलीस तर मी कोण उरणार, ही भीती.

आता पत्र का लिहिलं ते. चौदा एप्रिलला अमरावतीत माझा सत्कार ठरलाय. ठरवायला आलेल्या पंजाबरावांना मी सगळं खरं सांगितलं. ते हसले, म्हणाले, "बाई, तुमी लय साध्या हा!" कुणी विश्वासच ठेवीना. तेव्हा मी अट घातली, पत्रकावर गायिका म्हणून जमुनाचं नाव छापा, झील केशरबाई धरणार. ते छापून आलंय, सोबत पाठवते. तुला न विचारता छापलं, ही माझी नेहमीची खोड. माझे खालचे सूर अजून शाबूत आहेत, मागे उभी राहून झील नीट धरीन. तू पुढे उभी राहा. तुझं मन झालं नाही तर येऊ नकोस, रागावण्याचा हक्क तुझा आहे. मग मी एकटीच गाईन. तिसऱ्या कडव्याची वरची ओळ आली की थांबेन, आणि या वेळी हात वर करणार नाही.

तुझीच,
केशर