वडिलांना उघडणारे दार मला उघडावे याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
ओळखपत्र व प्रवेश कक्ष,
मेसा आल्टा विद्यापीठ, न्यू मेक्सिको

विषय : प्रयोगशाळा क्र. ३१४ उघडणारे कार्ड मिळणेबाबत (अर्ज पाचवा).
संदर्भ : आपले ‘नोंद घेतली आहे’ असे चार ईमेल.

महोदया,

मी, रोसाल्वा आर्चुलेटा, पदवीनंतरच्या एक वर्षाच्या संशोधन प्रशिक्षणासाठी १ जुलै रोजी रुजू झाले. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हावरकांप यांनी फळमाश्यांचा एक दुर्मिळ वाण माझ्या स्वाधीन केला. माझे वर्ष आणि पीएच.डी.चा प्रवेश त्यावरच अवलंबून आहे. स्वागताला बेगल हा गोल पाव मिळाला. शिवाय ‘उद्याचे शास्त्रज्ञ’ या मथळ्याखाली माझे छायाचित्र ३१४च्या दारावर लावण्यात आले, अर्थात बाहेरच्या बाजूने.

१. आपल्या फॉर्मवर दोनच चौकटी आहेत : विद्यार्थी आणि कर्मचारी. विद्यार्थी कक्षाने पदवी मिळाल्याबद्दल अभिनंदन करून मला परत पाठवले. कर्मचारी कक्षाच्या मते मला मिळते ते विद्यावेतन, पगार नव्हे. सबब मी विद्यापीठात अस्तित्वातच नाही.

२. दुसऱ्याने उघडलेल्या दारातून किंवा दुसऱ्याच्या कार्डाने आत शिरल्यास प्रशिक्षण रद्द होईल, असे सांगणारा तीन तासांचा व्हिडिओ मी पाहिला, परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळवले व हमीपत्रावर सही केली. आपल्याच कक्षातील श्री. टकर यावर म्हणाले, “अगं, सगळेच घुसतात मागून! तो व्हिडिओ कुणी मनावर घेतं का?” मी घेतला. हा माझा गुन्हा मला मान्य आहे.

३. माझे वडील एलाडिओ शाळेची बस चालवतात. ते माझे सामान पोचवायला आले, तेव्हा आपल्या खिडकीवर त्यांना चार मिनिटांत ‘कुटुंबीय पाहुणा’ कार्ड मिळाले. मुदत पुढच्या मेपर्यंत. त्याने ३१४ उघडते. त्यांना कोणताही व्हिडिओ दाखवण्यात आला नाही.

डॉ. हावरकांप होत्या तोवर माश्या त्यांनीच सांभाळल्या. सोमवारी त्या परिषदेसाठी तीन आठवडे जर्मनीला गेल्या. तेव्हापासून वडील रोज ऐंशी मैल गाडी हाकत येतात, दार उघडतात आणि आत जाऊन माश्यांना खाऊ घालतात, नर-मादी वेगळे करतात. मी बाहेर माझ्याच छायाचित्राशेजारी उभी राहून दाराच्या काचेतून ओरडते, “बाबा, नर डावीकडे! अहो, तो नर नाही!” पहिल्या दिवशी चौदा माश्या उडाल्या. काल एकही उडाली नाही. प्रयोगवहीत आता त्यांचे अक्षर आहे. विद्यापीठाने निवडलेली संशोधक मी आहे, याची आठवण करून देणे उद्धटपणाचे ठरू नये.

येत्या सोमवारी शाळा उघडते व वडिलांची बस सुरू होते. त्यानंतर आठवडाभरात माश्या मरतील. हा वाण अन्यत्र कुठेही नाही.

तरी मला कार्ड द्यावे. चौकट तिसरी काढावी लागली तर पट्टी मी आणून देईन. ते न जमल्यास दारावरचे छायाचित्र काढून तिथे वडिलांचे लावावे.

काल बाहेर येताना ते हात पुसत म्हणाले, “आत फार छान आहे गं पोरी. तू एकदा बघायला हवंस.”

दाराबाहेरून,
आपली नम्र,
रोसाल्वा आर्चुलेटा
दि. ९ ऑगस्ट

सोबत : १) शंभर गुणांचे प्रमाणपत्र २) वडिलांच्या कार्डाची प्रत