तू पडल्यावर वाजवायचे ठोके

प्रिय मुडद्या,

हे उभ्याने वाचू नकोस. खुर्ची ओढ, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडून फेकायची तुझी खोड मला ठाऊक आहे. समोर येऊनच बोलणार होतो, पण तोंडावर बोललो की तू मला गुंडाळतोस. एक शिवी, दोन गोड वाक्यं, खांद्यावर थाप, आणि मी नंदीबैलासारखा मान डोलावत घरी. आज तसं होऊन चालणार नाही, म्हणून कागद.

आधी चांगलं बोलून घेतो. आज संध्याकाळच्या मैदानाची सगळी तिकिटं गेलीत. तुझं नवं गाणं, ‘अजून आहे’, कुठे वाजत नाही ते विचार. माझ्याकडे ड्रम शिकायला येणाऱ्या पोरांना इतकी वर्षं सांगत होतो की मी तुझ्या मागे वाजवायचो, तर पोरं एकमेकांकडे बघून हसायची. सरांच्या थापा म्हणून सोडून द्यायची. आता त्यांचे आईबाप मला दारापर्यंत सोडायला येतात. आणि ते गाणं तू रेकॉर्ड केलंस कुठे, तर स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. मागे फ्रिजची घरघर ऐकू येते. आपला गिटारवाला काडी ती काढून टाका म्हणत होता, तू काढू दिली नाहीस. तुझा आवाज पहिल्यासारखा चढत नाही, आणि त्या गाण्यात तू तो चढवायला गेलाही नाहीस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडलो होतो. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू डोक्यावर बसला असतास.

बॅटरीच्या दुकानामागची आपली खोली आठवते? तोंड पांढरं करायला तू बुटाचं पांढरं पॉलिश फासायचास आणि आठवडाभर गाल खाजवत फिरायचास. पेटीतून मुडदा उठतो आणि गातो, ही कल्पना तुझीच. पेटी करून दिली कपाटवाल्या सुताराने. त्याने सवयीने तिला कपाटाची कडी लावली, बाहेरून. पहिल्याच कार्यक्रमात ती घट्ट बसली आणि तू आत अडकलास. तू आतून लाथा मारतोयस, मी घामाघूम होऊन वाजवतोय, काडी स्क्रू-ड्रायव्हर शोधत पळतोय, आणि लोक बेभान होऊन टाळ्या पिटतायत. त्यांना वाटलं, हेच नाटक. तिथेच तू नियम केलास: स्टेजवर काहीही झालं तरी कुणी थांबायचं नाही, कुणी जवळ यायचं नाही, जे होईल ते नाटकच. त्या नियमावर आपण मोठे झालो. पडतीच्या काळात टायरच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं, लोक कानात बोटं घालून उभे होते, तिथेही तू नियम पाळून मेलास आणि पाळून उठलास. हसू नकोस, मी आता गमतीत नाही.

मंगळवारच्या तालमीबद्दल बोलायचंय. शेवटच्या कडव्यानंतर तू कोसळायचं, मी एकट्याने छातीचे ठोके वाजवायचे, मग तू उठून शेवटची ओळ गायची, असं ठरलेलं. तू कसा पडतोस ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आधी गुडघे, मग उजवा खांदा, आणि झगा चुरगळू नये म्हणून डावा हात बाजूला. मरतानासुद्धा नखरे. मंगळवारी कडवं संपलंच नव्हतं. शब्द अर्धा राहिला आणि तू सरळ तोंडावर आलास, माइक छातीखाली. काडी वाजवत राहिला. दिवेवाल्याने शिट्टी मारली. मीही ठोके देत राहिलो, कारण नियम. मेल्या, तू उठेपर्यंत मी तुझी पाठ हलतेय का तेवढंच बघत होतो. आणि उठून तू सगळ्यांना विचारलंस काय, तर कसं वाटलं! सगळे म्हणाले, असं पडणं आजवर जमलं नव्हतं.

मेकअपच्या खोलीत तुझ्या बोटांना झग्याची बटणं निघेनात. मी काढली. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, तर रंग निघाला तरी चेहरा पांढराच. तेव्हा कुठे तू तोंड उघडलंस. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलंय, हृदयाच्या नळ्या भरल्यात, लगेच दाखल व्हा. आणि तू त्यांना सांगून आलास की एवढा एक कार्यक्रम होऊ दे. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातलीस, तुझ्या पोरीला कळता कामा नये. म्हणालास, वीस वर्षांनी दार उघडलंय ढोल्या, आता बंद झालं तर परत उघडायचं नाही. मला ते पटलं रे. तेच तर वाईट. या वयात माझ्याही दारात पुन्हा कोण येणार आहे? घरी आलो, जेवलो नाही. डोळ्यांसमोर एकच: भरलेलं मैदान, तू खरोखरचा पडलेला, हजारो लोक टाळ्या वाजवतायत, आणि तुझ्यामागे बसून ठोके देणारा मी. नियम म्हणून.

तर ऐक. मी आज वाजवणार नाही. ‘अजून आहे’ला मोजून धरलेला ताल नाही. तुझे खांदे वर गेले की मी थांबतो, खाली आले की ठोका देतो. ते दुसऱ्या कुणाला एका दिवसात जमणार नाही, हे तुला कळतं आणि आयोजकांनाही. त्यांना सकाळीच कळवलंय. कार्यक्रम रद्द झाला, तो माझ्यामुळे, असंच सगळ्यांना सांग. तुझ्या पोरीला सगळं सांगितलंय. शपथ मोडली. मोडलेल्या शपथेने कुणी मरत नाही, तुझ्या हट्टाने मात्र मरतात. ती आत्ता तुझ्या दाराबाहेर उभी आहे, हा कागद तिनेच आत सरकवलाय. हॉस्पिटलात खाट राखून ठेवलीय. मी खाली गाडीत बसलोय. तू मला जन्मात माफ करणार नाहीस, माझं तोंड बघणार नाहीस, हे धरूनच आलोय. चालेल मला. रुसायला तू असलास म्हणजे झालं. दार उघड, पोरीचा हात धर आणि लिफ्टनेच ये, जिन्याने नको.

तुझाच,
ढोल्या