अम्मीची मक्केतली खोली

युनूसभाई,

मी वास्कोला उमऱ्याच्या एजंटकडे जाते आहे. अम्मीची खोली बदलून घेते. अब्बांनी निवडलेली खोली बदलायची नाही, हे तुझं म्हणणं मला कळतं. डोळे मिटण्याआधी त्यांनी किती पारखून घेतली होती ती! अम्मीच्या गुडघ्यांना पायऱ्या नकोत, खिडकीतून काबा दिसावा. पण तिथे दोन खाटा आहेत.

काल भाजी निवडताना अम्मी म्हणाली, "रिकाम्या खाटेकडे बघत मी कशी गे झोपू? मला खैरूनच्या खोलीत घाल. घोरते मेली, पण फजरच्या नमाजाला उठवते तरी." अब्बा गेल्यावर इद्दतीच्या चार महिन्यांत शेजारची खैरूनखालाच रोज तिच्या सोबतीला झोपायची. खालाही उमऱ्याला जाते आहे, पण त्यांची चौघींची खोली हरमच्या मशिदीपासून लांब आहे, असं मी सांगितलं. "चालीन मी," म्हणाली. इतकं दुःख पोटात घेऊन इतकं साधं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती तुला विचारील, "अब्बांचा शब्द मोडला म्हणून रागावलास काय रे?" त्यांनी तिचं सुखच निवडलं होतं, भाई. तेवढं तिला तूच सांग. माझ्यापेक्षा तुझं तिला पटेल.

पाव फडक्यात गुंडाळून ठेवलेत.

शमीम