आता शिट्टी माझ्याकडे

३ जानेवारी, मिकेली

हुट्टुनेन इथे आहे!

हॉटेलात सूपाच्या रांगेत माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभा होता. पाठमोरा. पण ती मान मी हजारांत ओळखेन. केस पिकलेत, पोट सुटलंय, आणि छातीवर हंगेरीचा बिल्ला! अठरा वर्षांखालच्या मुलींचं आइस हॉकीचं जागतिक अजिंक्यपद आमच्याच देशात भरतंय, आणि हंगेरीने आपल्या पोरींसाठी प्रशिक्षक कोण शोधावा? आमच्या फिनलंडचं हे रत्न!

ट्रे घेऊन वळला. मला घासून गेला. 'माफ करा' म्हणाला. भिंतीवरून नजर फिरवावी तशी माझ्यावरून फिरवली.

ओळखलं नाही.

वाटाण्याचं सूप तसंच टाकून खोलीवर आले. दार आतून लावून घेतलं. भीतीने नव्हे.

४ जानेवारी

लिहून टाकते. नाहीतर बर्फावर डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

सोळाची होते. क्रीडाशाळेत त्याच्या हाताखाली. दर सोमवारी वजन — सगळ्यांसमोर, आतल्या कपड्यांवर. बाकीच्यांचा आकडा मोठ्याने वाचायचा. माझ्या वेळी आकडा नाही, नुसतं म्हशीसारखं हंबरायचा. पोरी हसायच्या. हसावंच लागायचं, जी हसली नाही तिची पाळी पुढची. 'म्हशीला आज जेवण नाही' म्हणायचा आणि माझ्यासमोरचं ताट स्वतः उचलून न्यायचा. स्वतः! एखाद्या वाढप्यासारखा.

तो हिवाळा मी काकडी आणि कॉफीवर खेळले. पाळी बंद. केस गळायला लागले. शेवटी सरावातच आडवी झाले ती दवाखान्यात डोळे उघडले. भेटायला आला नाही. आईला निरोप पाठवला — 'खोली लवकर रिकामी करा, दुसरी मुलगी थांबलीय.'

पुन्हा खेळले नाही. बर्फ सोडवेना म्हणून शिट्टी घेतली, पंच झाले. आता नवऱ्याचं आडनाव, कानावर कापलेले केस, भरलेले खांदे. कसा ओळखणार?

बरंच झालं. वाघाने दबा धरला की नाही हे हरणाला कशाला कळायला हवं?

(वाचून हसू आलं. वाघ म्हणे! पण खोडणार नाही.)

५ जानेवारी

पंचांची बैठक. प्रमुख बाई डेनिश — बिर्थे. करड्या केसांची, आवाज कधी न चढवणारी. म्हणाली, "कुठल्या संघात कुणाचं कुणी असेल, नातं, मैत्री, वैर — आत्ताच सांगा. सामने बदलून देऊ. नंतर कळलं तर शिट्टी जाईल."

मी कॉफी ढवळत राहिले. साखर घातलेलीच नव्हती.

मला आणि माझ्या जोडीच्या चेक पंचाला, राडकाला, उद्या हंगेरीचा सामना.

६ जानेवारी

काढलं थोडं उट्टं!

हंगेरीची कप्तान चेंगे. सतरा वर्षांची, रुंद खांद्यांची, मांड्या अशा की कठड्यावर आदळली तर कठडा हलतो. खेळते मात्र काय! दोन हिवाळे इथेच फिनलंडमध्ये शिकायला आहे, म्हणून हुट्टुनेन तिच्याशी फिनिशमध्ये बोलतो. बाकीच्या पोरींशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत. सगळा संघ तिच्या जिवावर. म्हणजे त्याचा जीव तिच्यात.

दुसऱ्या सत्रात तिची स्टिक समोरच्या मुलीच्या हाताला जेमतेम चाटून गेली. दुसऱ्या कुणी पंचाने बघितलंही नसतं. माझा हात वर गेला. दोन मिनिटं बाहेर!

आणि नजर थेट बाकाकडे. आता उसळेल, आता ओरडेल, मग त्यालाही बाहेर घालवते!

नाही. दात आवळून उभा. एक शब्द नाही. पोरीही गप्प. चेंगेने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून दंडाच्या पेटीत जाऊन बसली.

त्या दोन मिनिटांत त्यांनी गोल खाल्ला. हरले. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

आईचा फोन. मी सांगून टाकलं, कोण आलाय ते.

"सिर्कू, दुसऱ्या कुणाला दे ते सामने."

"का म्हणून?"

"तुझा आवाज तेव्हासारखा येतोय. जेवलीस का?"

जेवले म्हटलं. खोटं.

७ जानेवारी

सौनात राडका घाम पुसत म्हणाली, "काल तो दंड कसला दिलास गं?"

"स्टिक लागली."

"लागली की तू लावलीस?"

चेक बायका फटकळच. मी दगडांवर पाणी ओतलं. वाफेत तोंड दिसत नाही, ते एक बरं.

८ जानेवारी

हंगेरी सगळे सामने हरली. आता शेवटचा सामना स्लोव्हाकियाशी. हरेल तो पुढल्या वर्षी खालच्या गटात. आणि हुट्टुनेनचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

नेमणूक: मी आणि राडका! देवा, तू आहेस.

९ जानेवारी

क्रमाने लिहिते.

बरोबरीत चाललं होतं. चेंगे एकटी तिघींना पुरून उरत होती. मी तिला एकदा बाहेर घातलं — पाय अडकवला म्हणून. अडकवला नव्हता, स्लोव्हाक पोरगी आपल्याच पायात अडखळली. मला दिसलं होतं. तरी हात वर.

ती परत आली. आणि शेवट जवळ आला असताना कठड्याशी झटापट झाली, कुणीतरी पडलं, आणि माझा हात — मी ठरवलंही नव्हतं — पुन्हा वर! चेंगे, दोन मिनिटं. राडका लांबून माझ्याकडे बघतच राहिली.

स्लोव्हाकियाने गोल केला. तोच शेवटचा.

पेटीतून सुटून चेंगे बाकाकडे आली. मी अगदी तिथेच, कठड्याला टेकून. हुट्टुनेन वाकला. इतका वेळ आवळून धरलेलं सगळं त्याने तिच्यावर ओतलं. फिनिशमध्ये, हळू आवाजात, म्हणजे बाकीच्यांना कळू नये.

"म्हशे. सगळ्यांना बुडवलंस. वजन उचलवत नाही तर बर्फावर येतेस कशाला? आज पुन्हा जेवण नाही. ताटाजवळ दिसलीस तर बघ."

'पुन्हा' म्हणाला. पुन्हा!

माझ्या कानात एकदम सामसूम. चेंगेने हेल्मेटच्या जाळीखालून नाक पुसलं आणि मान डोलावली. हो म्हणाली! मीही अशीच डोलावायची.

मी शिट्टी फुंकली. घड्याळ थांबलेलंच होतं. त्याच्याकडे बोट दाखवून तेच दाराकडे वळवलं — चालता हो! प्रेक्षकांना कळेना काय झालं. त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट. वाद नाही, हातवारे नाहीत. कोट उचलला आणि गेला.

बिर्थेला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. त्याचे. माझे दंड सोडून.

१० जानेवारी

उद्या चौकशी. ऐकणारी मी एकटीच. बाकावरच्या बाकी कुणाला फिनिश येत नाही, आणि चेंगे म्हणते, 'मला काही सांगायचं नाही.'

म्हणजे तो म्हणणार एक, मी म्हणणार दुसरं. आणि विचारतील — पूर्वीची ओळख?

हो म्हटलं तर तो सुटला. म्हणतील, बाई जुना डूख धरून आलीय. पोरगी उपाशीच राहील. नाही म्हटलं तर...

पोरीसाठीच खोटं बोलायचं आहे. असं मी दिवसभर स्वतःला सांगतेय. अर्धं खरं आहे.

११ जानेवारी

संपला हुट्टुनेन!

मला आधी आत बोलावलं. बिर्थेने सरळ विचारलं, "या गृहस्थांशी तुमची आधीची ओळख?"

"नाही."

इतकं सहज निघालं की माझंच मला नवल वाटलं.

मग त्याला बोलावलं. मी बाहेर बाकावर. दार नीट लागलं नव्हतं. आता जर त्याला आठवलं — परवा एवढं निरखून बघत होता! — तर एका वाक्यात माझी साक्ष मातीमोल, माझी शिट्टीही गेली.

बिर्थेचा आवाज आला: "या पंचांना आपण ओळखता?"

खुर्ची करकरली.

मग तो: "नाही. इथेच पहिल्यांदा पाहिलं."

"त्यांनी सांगितले ते शब्द आपण बोललात?"

"बोललो असेन."

निकाल तासाभरात. बंदी, आणि हंगेरीने तिथल्या तिथे कामावरून काढलं. मुलींना आता नवी प्रशिक्षक बाई, डॉक्टर, सगळं. बिर्थे माझा हात धरून म्हणाली, "तुझ्यासारखी त्रयस्थ पंच होती म्हणून."

त्रयस्थ!

पण मजा कशात आहे? मी त्याला बुडवलं यात नाही. त्याचं विस्मरण त्याला नडलं! एका मुलीचं वाटोळं करून तो इतका साफ विसरला, की ज्या एका आठवणीने वाचला असता तीच त्याच्यापाशी नव्हती. याहून गोड सूड कुठला?

खाली गेले. तळलेले मुइक्कू मासे, बटाटे, वर लोणी. दोनदा वाढून घेतलं. आईला फोन करून सांगितलं, जेवले. या वेळी खरं.

१२ जानेवारी

सकाळी हंगेरीची बस लागली होती. चेंगे पायरीवरून उतरून माझ्याकडे आली. हातात दालचिनीचा पाव, अर्धा खाल्लेला.

म्हणाली, "आल्या दिवशीच सरांनी आम्हाला सांगितलं होतं. 'ती उंच पंच माझ्याकडे खेळायची. मी तिची नासाडी केली. ती काहीही दंड देवो, कुणी तोंड उघडायचं नाही. तिला हक्क आहे.'"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती गेली नाही.

"म्हणून मी गप्प बसले. पण ते तिन्ही दंड माझे नव्हते ना?"

नव्हते, म्हटलं.